यंत्र अजून यावललाच होतं

२८ मे, रात्र

दुपारी पावणेतीनला भाच्याचा फोन. इकडे यावलला ओट्यावरच्या फरशीला पाय लावता येईना, तिकडे मेलबर्नला सव्वासात वाजून काळोख पडलेला. "मामा, अगस्त्य तारा समोर चांगला वर दिसतोय आणि हे यंत्र म्हणतंय, क्षितिजाखाली आहे. आते काय करू?"

हा माउंट, म्हणजे दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणारी मोटरची बैठक, मीच त्याला दिलाय. सहा वर्षं माझ्या गच्चीवर होता. म्हटलं, आधी ठिकाण वाच. अक्षांश २१ उत्तर, वेळ अधिक साडेपाच तास. घड्याळ त्यानं तिकडचं घातलं होतं, पण यंत्र अजून यावललाच उभं होतं. आणि यावलला या दिवसांत सव्वासातला अगस्त्य मावळलेलाच असतो. बिचारं खरं तेच सांगत होतं.

३८ दक्षिण, अधिक दहा तास, असं भरलं. दक्षिण केलं की मोटर उलटी फिरते, आणि तसंच हवं. उत्तर ध्रुवाकडे तोंड केलं तर आभाळ घड्याळाच्या उलट फिरतं, दक्षिण ध्रुवाकडे केलं तर घड्याळासारखं.

खरी अडचण पुढे. तिकडे ध्रुवतारा नाही. सिग्मा ऑक्टँटिस हा तारा दक्षिण ध्रुवबिंदूपासून जेमतेम अंशभर, पण ५.४ प्रतीचा, म्हणजे फारच अंधुक. शहराच्या उजेडात कुठला दिसायला! पोरगा सातपुड्यावरचा ध्रुव धरून माउंट लावायला शिकलेला, आवाजच उतरला त्याचा. म्हटलं, तारा सोड, आकडा धर. तिपाई लेव्हलमध्ये घे, माउंटचा अक्ष अक्षांशाइतका, ३८ अंशांवर चढव, तोंड दक्षिणेला. होकायंत्र मात्र जसंच्या तसं मानू नको. आपल्याकडे सुई जवळजवळ खरी उत्तर दाखवते, तिथे ती ११-१२ अंश पूर्वेला झुकते. म्हणून सुईच्या दक्षिणेपासून तेवढं डावीकडे वळव.

मग नैर्ऋत्येला अगस्त्य, आग्नेयेला मित्र तारा, अशा दोन ताऱ्यांवर जुळवणी केली. डोळ्यानं बघायला एवढं पुरतं.

ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लाव म्हटलं. मोटरची घरघर थांबली. बराच वेळ नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता. मग हळूच, "मामा, मोजताच येत नाहीत."

रात्री साडेनऊला गच्चीवर गेलो. पाठीमागे सातपुड्यावर ध्रुव, २१ अंशांवर. समोर केळीच्या बागांवर, धुळीतून, तोच तारकागुच्छ जवळपास तेवढ्याच उंचीवर. आपल्याकडे याहून वर तो येतच नाही. द्विनेत्रीत एक पुसट, गोल डाग. हात भरून येईपर्यंत बघत राहिलो.