माहेरच्या यादीतून सासरच्या यादीत

लग्न होऊन मी घाटंजी तालुक्यातून आर्वी तालुक्यात आले. राशन कार्डात नाव चढलं, आधारवरचं आडनाव आणि पत्ता बदलला, पासबुक नवीन निघालं. मतदार यादीतलं नाव तेवढं माहेरीच राहिलं. आमच्याकडे कितीतरी सुनांचं असंच होतं. माहेरचे म्हणतात, पोरगी आता सासरी गेली. सासरचे म्हणतात, करू पुढं कधीतरी. त्यात बाईच्या एक-दोन निवडणुका अशाच निघून जातात आणि त्याचं कोणाला काही वाटत नाही.

मला ते २०२४ च्या लोकसभेला फार लागलं. माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, पण लोकसभेला तो भाग चंद्रपूर मतदारसंघात मोडतो. तिथलं मतदान १९ एप्रिलला होतं, इकडे वर्ध्याचं २६ ला. १९ ला त्या उन्हात लेकराला घेऊन तिकडे जाणं जमलं नाही. २६ ला घरचे सगळे शाळेत जाऊन मत देऊन आले आणि मी घरी स्वयंपाक करत होते. सासूबाई बोटाची शाई पाहत म्हणाल्या, "तुह्यं नाव आता इकडं आणलं पाहिजे वं." मी त्याच दिवशी ठरवलं, विधानसभेला माझं मत इथंच पडेल. राहते इथं, राबते इथं, पावसाळ्यात शेताच्या पांदणीचा चिखल तुडवते तोही इथलाच. आमदारही मला इथलाच निवडायचा होता.

तालुक्याला ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, "नमुना ६ टाकून देऊ, नवीन मतदार म्हणून. लवकर होऊन जाते." मी अर्ज वाचायला मागितला. त्यात खाली प्रतिज्ञा होती की माझं नाव दुसऱ्या कोणत्याही मतदारसंघात नाही. माझं तर होतं, कार्डासकट. खोटी प्रतिज्ञा केली तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. मी सही केली नाही. घरी येऊन १९५० या हेल्पलाइनला फोन लावला (कायद्याचं सालही तेच, म्हणून नंबर लक्षात राहतो). तिकडून सरळ उत्तर मिळालं: नाव आधीच असेल तर नमुना ८, त्यात 'स्थलांतर' यावर खूण. नाव नव्या गावात येतं, जुन्या यादीतून निघतं, कार्डाचा नंबर तोच राहतो. सासरी आलेल्या प्रत्येक बाईला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मतदार यादीचं काम पाहणाऱ्या आमच्या गावच्या बीएलओ म्हणजे अंगणवाडीच्याच ताई. पावसाळ्यात याद्यांचं पुनरीक्षण सुरू होतं आणि नेमकी तेव्हाच अंगणवाडीत लाडकी बहीण योजनेच्या अर्जांची झुंबड होती. कागदपत्रांसाठी सगळ्या सुना धावत होत्या, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं आधार लिंक, सगळं. पण मतदार यादीचं विचारायला मी गेले तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. ताईंनी खताच्या पिशवीत गुंडाळलेली यादी काढली. पावसानं तिचे कोपरे फुगले होते. त्यांनी पेनाचं टोक एकेका घरावरून खाली आणलं, आमच्या घराशी थांबवलं. सासरे, सासूबाई, हे, दीर, ओळीनं चौघं. "इथंच आलं पाहिजे तुह्यं," म्हणाल्या आणि यादी भागाचा नंबर लिहून घेतला.

आडनावाचा पेच होता. मतदार कार्डावर माहेरचं, आधारवर सासरचं. नमुना ८ मध्ये एका अर्जाला एकच खूण करता येते, स्थलांतर किंवा दुरुस्ती. ताईंच्या सांगण्यावरून आधी स्थलांतराचा अर्ज दिला, सोबत नव्या पत्त्याच्या आधारची झेरॉक्स. पुढं ताई घरी येऊन चौकशी करून गेल्या. ३० ऑगस्टला अंतिम यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं. मग नाव-दुरुस्तीचा दुसरा अर्ज दिला, तोही निवडणुकीआधी मंजूर झाला. मधे दादाचा फोन आला होता की तिकडच्या यादीतून नाव गेलं. आई फोनवर थोडा वेळ काही बोललीच नाही. मलाही भरून आलं, पण काम बरोबर झालं होतं.

मतदान २० नोव्हेंबरला, ऐन कापूस वेचणीत. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी कायद्यानं आहे, रोजंदारीवरच्यांनाही. पण वेचणीची मजुरी किलोवर असते, न वेचलेल्या कापसाचे पैसे कोण देणार? म्हणून आम्ही बायांनी सकाळी आधी शाळा, मग शेत असं ठरवलं. सात वाजता रांगेत उभ्या राहिलो तेव्हा बऱ्याच जणींच्या कमरेला कापूस वेचायची ओटी बांधलेली होती. मोबाइल घरीच ठेवले होते. माझ्या पुढची काकू नुसती मतदार चिठ्ठी घेऊन आली होती. चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा धरत नाहीत. तिला वाटलं आता मत गेलं. पण रोजगार हमीचं फोटोवालं जॉब कार्ड चालतं. तिचा नातू धावत जाऊन घेऊन आला.

आत पहिल्या अधिकाऱ्यानं अनुक्रमांक आणि माझं पूर्ण नाव मोठ्यानं वाचलं. बाजूला बसलेले पक्षांचे प्रतिनिधी आपापल्या यादीत शोधू लागले. एकानं मान वर करून पाहिलं. गावात मला सगळे अमक्याची सून म्हणूनच ओळखतात, माझं नाव त्याला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या टेबलावर सही केली. बोंडाच्या टोकांनी नखाजवळ चिरा पडलेल्या असतात, डाव्या तर्जनीला शाई लावली तशी ती त्या चिरांत उतरली आणि चांगली झोंबली. पुढं यंत्र. बटण दाबलं की व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. मी ती पूर्ण पाहिली. घाई करू नका, ते सात सेकंद आपल्यासाठीच दिलेले आहेत.

दुपारी धुऱ्यावर डबे उघडले तेव्हा ज्यांच्या बोटाला शाई नव्हती अशा दोघी निघाल्या. दोघींची नावं अजून माहेरी. निवडणूक झाली तरी अर्ज वर्षभर देता येतो, आणि जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच होतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. एकीचा नमुना ८ ताईंकडे देऊन झाला आहे. दुसरीचं आधार माहेरच्याच पत्त्यावर आहे, आधी ते बदलायला तिला घेऊन तालुक्याला जायचं आहे.