हुक बरोबर होता

टांगले सहा, काढले पाच. पिंपावर काम करणाऱ्याला एवढं सांगितलं की पुरतं. बाकीच्यांसाठी लिहिते, आणि खरं तर स्वतःसाठीही, कारण तीन आठवडे झाले तरी हे डोक्यातून जात नाही.

आमचं पिंप म्हणजे धुरावर मांस शिजवायचा दोनशे लिटरचा उभा लोखंडी ड्रम. तळाशी कोळशाची जाळीदार टोपली, खाली हवेची एकच झडप, वर दोन आडव्या सळया, सळयांना हुक, हुकांना मांस. मध्ये पाण्याचं भांडं नाही की आडोशाला पत्रा नाही. चरबी वितळून थेट निखाऱ्यावर ठिबकते आणि तिचा धूर होऊन पुन्हा मांसालाच चिकटतो. पिंपाची म्हणून जी चव असते ती निम्मी तरी या ठिबकण्यातून येते. लोक विचारतात, लाकूड कुठलं वापरता? मी सांगते, सफरचंदाचं. ते खरंही आहे, आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

त्या दिवशी पंचेचाळीस पानं होती, दुपारी एकची वेळ. डुकराचे तीन खांदे, हाडासकट चार-चार किलोचे. हाड आणि उतरलेली चरबी, पाणी वजा जाता बारा किलोचं पावणेसात किलो हातात येतं, माणशी दीडशे ग्रॅम. हिशेब इतका घट्ट होता की त्यात एक घास पडायलाही जागा नव्हती. ऑर्डर घेताना मालकांना हे सांगितलं होतं. ते म्हणाले, "बघू." आमच्याकडे ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो.

खांदा अख्खा टांगता येतो, पण वेळ फार लागतो. म्हणून हाडाच्या कडेने उभा चिरून दोन भाग करायचे, एक हाडाचा, एक बिनहाडाचा. प्रत्येकाला दोन हुक, दोन वेगळ्या दिशांनी. मांस मऊ पडायला लागलं की एकटा हुक लोण्यातून सुरी जावी तसा निघून येतो. हुक लावायचं काम आमच्या पोराकडे. वर्षभरापूर्वी भांडी घासायला आला होता, आता हुक लावतो. हात चांगला आहे त्याचा. हे मी त्याला कधी म्हटलेलं नाही.

कोळसा मात्र मी पेटवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. टोपली न पेटलेल्या कोळशाने भरायची आणि चिमणीत, म्हणजे कोळसा पेटवायच्या उभ्या डब्यात, पेटवलेले पंधरा-वीस निखारे वर ओतायचे. आग वरून खाली, एका कोळशावरून दुसऱ्यावर, सावकाश सरकते आणि सात-आठ तास पुरते. जिम मिनियन या अमेरिकन स्पर्धकाच्या नावाने ही रीत ओळखली जाते. सगळा कोळसा एकदम पेटवला तर पिंप भट्टी होतं, आणि एकदा तापलेलं पिंप खाली आणणं म्हणजे उताराला लागलेली गाडी हाताने थोपवणं. म्हणून चढतानाच धरायचं. पिंपातली हवा शंभर अंशांच्या पुढे गेली की झडप अर्ध्यावर, एकशे वीसला बोटभर. सुरुवातीचा दाट पांढरा धूर ओसरून पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा धूर येईपर्यंत मांस आत जात नाही. पांढऱ्या धुरात टांगलं तर कडू होतं, जीभ आखडते.

त्या पहाटे चिमणी उलटी करताना माझा हात झडपेच्या बाजूला कलला. निखारे एका अंगाला पडले. मला दिसलं ते. चिमट्याने चार-पाच इकडे-तिकडे केले आणि पुढच्या कामाला लागले.

आता थर्मामीटर. पिंपाच्या झाकणाला जो गोल काटा असतो तो शोभेचा, त्याला फक्त झाकण किती तापलंय ते कळतं. आमच्याकडे तारेचा एक आहे, दोन प्रोबचा, म्हणजे तापमान मोजायच्या दोन टोकदार काड्यांचा. एक प्रोब सळईला, पिंपाची हवा मोजायला, दुसरा मांसात. मांसासाठी आणखी दोन होते, त्यांच्या तारा झाकणाखाली चेमटून गेल्या. नवे मागितले तर मालक म्हणाले, "तुम्ही एवढ्या अनुभवी, तुम्हाला कशाला लागतात?" अशी स्तुती फार महाग पडते. असो. प्रोब मी लावला हाडाच्या एका तुकड्याला, झडपेच्या विरुद्ध बाजूला, कारण तिथे तार सोयीने पोचत होती.

सव्वापाचला टांगलं. साडेआठला मांस ६८ वर आलं आणि तिथेच बसलं. हे व्हायचंच. पासष्ट ते पंचाहत्तरच्या मध्ये मोठा तुकडा तास-तास हलत नाही. मांसाच्या अंगावरचं पाणी वाफ होऊन उडत असतं आणि घाम वाळताना आपलं अंग गार पडतं तसं तेही स्वतःला गार करत राहतं. खालची आग जेवढं देते तेवढं वरून उडून जातं. नवीन माणूस इथे घाबरून झडप उघडतो. यातून सुटायचं तर मांस फॉइलमध्ये गुंडाळायचं आणि पिंपात जाळीवर ठेवायचं. मी एरवी सत्तर-बहात्तरला गुंडाळतेच. पण गुंडाळलं की वरची काळीशार, खरपूस साल ओली पडते, आणि त्या दिवशी साल फार देखणी धरली होती. म्हटलं, अजून अर्धा तास. आकडा अडुसष्टच तर होता.

नऊ वाजून वीस मिनिटांनी आत ‘धप्प’ झालं.

धुराचा रंग आधी बदलला. निळा जाऊन पिवळट, जाडसर, झाकणाच्या कडेने बाहेर. पोरगा धावत बादलीभर पाणी घेऊन आला. मी किंचाळले. जळत्या चरबीवर पाणी पडलं की क्षणात वाफ होते, पेटती चरबी उडवते, आणि राख उरलेल्या पाचही तुकड्यांवर बसते. ते ओरडणं बरोबर होतं, आजही तसंच ओरडेन. खालची झडप बंद केली. झाकण उघडलं की वरून हवा मिळून आग उसळणार, नाही उघडलं तर पडलेला तुकडा कोळसा होणार. उघडलं. आधी टांगलेले पाच काढले, हातमोज्यांनी, हुकासकट, ट्रेमध्ये. मग लांब चिमट्याने सहावा. सगळं मिळून दीड मिनिट असेल. कपाळावरचे केस जळल्याचा वास दुपारपर्यंत नाकात होता.

मग मी पोराकडे वळले आणि दुसऱ्यांदा ओरडले. हुक नीट लावायला किती वेळा सांगायचं, एवढं एक काम दिलंय, वगैरे. मालक मागे उभे होते. ते उभे होते म्हणून जरा जास्तच ओरडले, हेही लिहून टाकते. तो काही बोलला नाही. रिकामी जागा शोधून बादली खाली ठेवली त्याने.

पडलेला तुकडा फळीवर घेतला. एक बाजू काळी, राखेत घोळलेली, दुसरी शाबूत. त्या शाबूत बाजूला दोन भोकं होती, बोटभर अंतरावर, तिरकी, एकमेकांना छेद देणारी, जशी असायला हवीत तशी. भोकांपासून वरच्या कडेपर्यंत मांसाचे धागे सुटे झाले होते, खरवडल्यासारखे. सवयीने प्रोब खुपसला. लोण्यात जावा तसा गेला. ८८.

ट्रेमधल्या हाडाच्या तुकड्यात पुन्हा लावला. ६९.

दीड मिनिट आगीत पडून गाभा वीस अंशांनी चढत नाही. झडपेच्या बाजूची आग भरभर धावली होती, तिच्यावरचा तुकडा कधीच पुढे निघून गेला होता, आणि मी विरुद्ध बाजूचा आकडा बघत सालीचं कौतुक करत बसले होते. एवढ्या मऊ मांसाला दोन काय, कितीही हुक लावले असते तरी ते पडलंच असतं. हे मला तेव्हाच कळलं. पोरगा चार हातांवर फॉइल फाडत होता.

पाच तुकडे गुंडाळले, परत लावले. अकराच्या सुमाराला प्रोब सगळीकडे अडखळल्याशिवाय जायला लागला, ९४-९५ ला. मग टॉवेलात गुंडाळून बंद खोक्यात दीड तास. मालक म्हणाले, पडलेल्याची काळी बाजू कापा आणि मिसळून टाका, कुणाला कळतंय. मी नाही म्हटलं. राख धाग्यांत शिरली होती, ती दाताखाली येतेच. वाढायचा डाव बदलला, दीडशेचा सव्वाशेचा केला. पंचेचाळीस पानांना साडेपाच किलोंच्या आसपास पुरलं. कुणी तक्रार केली नाही. एकाने ताट परत आणलं, "आतून गुलाबी आहे, कच्चं आहे." असा एक तरी असतोच. कडेचा तो गुलाबी पट्टा म्हणजे धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडने मांसाचा रंग धरून ठेवलेला असतो. डुकराचं अख्खं मांस ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा, एवढ्यावर सुरक्षित धरतात, आमचं तर पंचाण्णववर गेलेलं. मी हसून कडेचा पट्टा काढून दिला. पंचेचाळीस लोकांसमोर रसायनशास्त्र कोण शिकवणार.

पडलेल्याची शाबूत बाजू आम्ही मागे उभ्यानेच खाल्ली. सहांतला तोच सगळ्यांत चांगला झाला होता.

संध्याकाळी पोराने टोपली बाहेर काढली आणि माझ्यासमोर ठेवली. एका बाजूला नुसती पांढरी राख, दुसऱ्या बाजूला कोळसा जसा भरला तसा, काळा, कोपरेसुद्धा न झिजलेले. मध्ये सरळ रेघ मारल्यासारखी.

"ताई, निम्मा उरलाय. पुढच्या वेळी वापरू ना?"

"वापरू," मी म्हटलं. आणखी बोलायचं होतं. तेवढ्यात मालकांनी हाक मारली आणि मी गेले. ती हाक ऐकलीच नसती तरी चाललं असतं.

परवा पुन्हा ऑर्डर होती. पहाटे तो हुक लावत होता तेव्हा मी चिमणी पेटायची वाट बघत उभी होते. प्रत्येक तुकड्याला त्याने तीन-तीन हुक लावले. मी मोजले. मग चिमणी टोपलीच्या बरोबर मधोमध उलटी केली.