टाळी कुठे पडते

रविवारी दुपारी आमटी-भात खाऊन जरा आडवी झाले होते तर कॉलेजच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, सतरा सेकंदांचा. आम्ही एनसीपीएला, म्हणजे मुंबईत नरिमन पॉइंटच्या नाट्यगृहात, जॅझ ऐकायला गेलो होतो त्या रात्रीचा, शेवटच्या गाण्याला कुणीतरी कडेच्या खुर्चीवरून काढलेला. आमची रांग टाळ्या वाजवतेय आणि मीही वाजवतेय, फक्त सगळ्यांचे हात मिटतात तेव्हा माझे उघडे. तीनदा बघितला. खाली एकीने हसून लोळणारी इमोजी टाकलीय, तीही पाच वेळा.

खरं तर "जाऊया का" विचारलं तेव्हा ग्रुपवर तेवीस अंगठे आले होते, प्रत्यक्षात आलो सात जण. लेक्चरला पण आमचं साधारण हेच प्रमाण असायचं. सातातल्या सहा जणांना जॅझ म्हणजे सॅक्सोफोन एवढंच माहीत, सातवा मात्र म्हणे हॉस्टेलवरून धोबी तलावच्या रंगभवनात, खुल्या थिएटरात, जॅझ यात्रेला म्हणजे जॅझच्या महोत्सवाला जायचा, भिंतीवरून उडी मारून. 1978 ला ती सुरू झाली, पहिल्याच वर्षी अमेरिकेचा नामी सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स येऊन वाजवून गेला, हे सगळं त्याने चर्चगेटपासून नरिमन पॉइंटपर्यंत चालताना ऐकवलं. सनी रोलिन्सचं खरं आहे, भिंतीचं मला पटत नाही, त्याला तेव्हा कॅंटीनच्या कट्ट्यावर चढायला पण हात द्यावा लागायचा.

पहिली पंचाईत टाळ्यांचीच झाली. सॅक्सोफोनवाल्याने आपलं वाजवून झाल्यावर तो बाजूला सरकला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाणं चालूच. "संपलं?" शेजारची. नाही गं, आता पियानो. मग पियानोला टाळ्या, मग बासला. आपल्याकडे मध्येच दाद द्यायची तर "क्या बात है" म्हणावं, मान हलवावी, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, हात उचलावा, पण इथे सम कुठेय ते कळायला नको? मी सवयीने मांडीवर बोटं मोजत बसले. चार मात्रा, ठीक आहे, पण जोर एकवर नाहीच, दोन आणि चारवर. ड्रमवाला अगदी समोर होता म्हणून दिसलं, त्याच्या डाव्या पायाखाली पेडल, त्यावर झांजेसारख्या दोन थाळ्या एकीवर एक, आणि त्या बरोब्बर दोनला आणि चारला मिटायच्या, चिक, चिक. हातात तारांचे ब्रश, ते ड्रमवर गोल फिरवत होता, डोळे मिटले की कुणीतरी सुपात तांदूळ पाखडतंय.

आता पन्नास वर्षं एकवर टाळी वाजवलेल्या बाईने एकदम दोनवर कशी वाजवायची? माझे हात आजोबांनी बसवलेत. गणपतीत आरतीला मी मन मानेल तशी टाळ्या वाजवायचे, तर ते मागून येऊन माझी दोन्ही मनगटं धरायचे आणि आपल्या तालात आपटायचे, तळहात लाल होईपर्यंत. बोलायचे काही नाहीत. बेताल माणूस त्यांना खोट्या माणसापेक्षा वाईट वाटायचा.

गंमत म्हणजे त्याच घरात रेडिओवर जॅझ चालायचं, नाव फक्त माहीत नव्हतं. परतताना टॅक्सीत जॅझ यात्रावाल्याने त्याचा पण इतिहास सांगितला, की 1935 ला अमेरिकेच्या लिऑन ॲबीचा जॅझ बॅंड मुंबईच्या ताज हॉटेलात आला, मग तसं वाजवणारी गोव्याची पोरं तयार झाली, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली, आणि हॉटेलातनं तीच सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. चिक चॉकलेट हे नाव ऐकून मला हसू आलं, तो हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ट्रम्पेट वाजवायचा, सी. रामचंद्रांना साथ द्यायचा, 'अलबेला'त (1951) तर बॅंडसकट पडद्यावर आहे. आणि 'अलबेला'ची गाणी लागली की आजोबा पेपर खाली ठेवायचे! पेपर परत उचलेपर्यंत पायाचा अंगठा हलत असायचा. कितव्या मात्रेवर हलायचा ते आता कोण सांगणार.

व्हिडिओ चौथ्यांदा बघताना मात्र भलतंच आठवलं. आजोबांचा शेवटचा गणपती. अर्धांगाने उजवा हात गेलेला, तरी झांज पाहिजेच म्हणाले, म्हणून एक थाळी बाबांनी धरली आणि दुसरी ते डाव्या हाताने आपटत होते. ती मागे पडत होती, प्रत्येक वेळी थोडी थोडी. मी बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे नाही बघितलं. कुणी काही बोललं नाही, आम्हीच सगळे हळू झालो, काकांची वरची पट्टी सुद्धा हळू झाली. आरती इतकी लांबली की कापूर मध्येच विझला आणि आईने दुसरी वडी लावली.