आमची वाटचाल : डबा विकण्यापासून डब्याला वारा देण्यापर्यंत

"राउटर गेलाय, नवीन घेऊन या," असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, "ठेवलाय कुठे?"

हा प्रश्न सुचायला मला बरीच वर्षं लागली. सुरुवात केबलच्या वायरी ओढण्यापासून. पुढे पुण्यात धायरीला दहा बाय बाराचा गाळा घेतला. डबा, म्हणजे घरभर वाय-फाय देणारा राउटर, बंद पडला की नवा विकायचा, एवढाच धंदा. 2020च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला, घराघरांत ऑफिसं आली आणि त्या उन्हाळ्यात तक्रारींची वेळच ठरून गेली : दुपारी दोन ते पाच. सकाळी सगळं सुरळीत, दुपारी मीटिंग तुटणार, रात्री पुन्हा ठीक. आम्ही बिनधास्त लाइनला दोष देत होतो.

सिंहगड रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये डोळे उघडले. बिल्डरने दारामागच्या भिंतीत पत्र्याची पेटी दिलेली. आत फायबरचा डबा (बाहेरून आलेली इंटरनेटची फायबर वायर ज्यात जोडतात तो), त्याच्या डोक्यावर राउटर, दोघांचे अडॅप्टर आणि वायरींचा गुंता. झाकण उघडलं तर तव्यावर हात धरल्यासारखी झळ आली. तपकीर गल्लीतून आणलेला वायरवाला थर्मामीटर आत सोडला : 56 अंश. घरगुती राउटर बहुधा 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये तेवढं तर नुसतं बाहेरच असतं. राउटर काढून भिंतीवर उभा टांगला. नवा विकायला गेलो होतो, दोनशे रुपये मजुरी घेऊन परतलो. त्या घरातून ती तक्रार पुन्हा आली नाही.

गणित साधं आहे. राउटर साधारण दहा वॅट खातो, म्हणजे जवळजवळ झिरोचा बल्ब, पण चोवीस तास. खालच्या भोकांतून गार हवा आत आणि वरच्यांतून गरम बाहेर, एवढीच त्याची सोय. ती बुजली की आधी वेग पडतो, मग तो स्वतःच बंद-चालू होतो. आतले आणि अडॅप्टरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) तर वाढलेल्या दर दहा अंशांमागे निम्मं आयुष्य गमावतात. म्हणून पुष्कळदा राउटर धडधाकट असतो, मेलेला असतो तो अडॅप्टर. (फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला तर मात्र पंखा लावत बसू नका. तो बहुधा फायबर तुटल्याचा किंवा मुडपल्याचा असतो.)

एवढं कळूनही मी शेण खाल्लंच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा मिनी यूपीएसला, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणाऱ्या छोट्या बॅटरीला, मागणी वाढली. राउटर, यूपीएस, वायरी सगळं झाकून टाकणारी सनमायका लावलेली छान पेटी सुताराकडून करून घेतली. हिवाळ्यात चाळीस विकल्या. लोक कौतुक करायचे, बायकोने तर घरात दोन लावल्या. एप्रिल उजाडला आणि फोन सुरू झाले. एका पेटीतला यूपीएस फुगून पुरीसारखा टम्म झाला होता. त्यातले लिथियमचे सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत, हे मला ठाऊक होतं, पेटी रंगवताना आठवलं नाही. चाळीसही घरी जाऊन पेट्या काढल्या, यूपीएस राउटरपासून हातभर लांब बसवला, ज्यांनी मागितले त्यांना पैसे परत दिले. ते वर्ष तोट्यात गेलं.

तेव्हापासून आमचे दोघे मुलगे (कामावरचे) जोडणीला गेले की आधी जागा बघतात. टीव्हीच्या युनिटचा बंद कप्पा नको, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर नको, पश्चिमेच्या खिडकीत नको, अडॅप्टर गादीमागे नको. बांधकामाची धूळ असलेल्या भागात सहा महिन्यांनी ब्रश मारायचा, तोही प्लग काढून. अगदीच जागा नसेल तर यूएसबीवर चालणारा छोटा पंखा. पण तो शेवटचा उपाय, कारण धूळही तोच ओढतो.

सदाशिव पेठेतल्या एका काकूंकडे तर राउटरला क्रोशाचं टोपरं घातलेलं होतं, लेससकट. "काकू, हे कशाला?"

"धूळ बसते हो. तुम्हीच म्हणालात ना, जपून वापरा!"

खूप समजावल्यावर त्यांनी ते काढलं. परवा गेलो तर तेच टोपरं सेट-टॉप बॉक्सवर होतं.