एक जीबी रॅममध्ये लुआटेक बांधताना

आमच्या वाचनालयाची देवघेव एका रास्पबेरी पाय ३ या छोट्या, एक जीबी रॅमच्या संगणकावर चालते. दर महिन्याला दाखल झालेल्या पुस्तकांची यादी त्याच यंत्रावरून लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत नीट जुळवून छापायची होती. टेक लाइव्ह या लाटेकच्या संचाची तयार बायनरी तिथे चालेना. तिला नवी जीलिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी, हवी होती. सुरळीत चाललेली देवघेव थांबवून ऑपरेटिंग सिस्टिम बदलायला माझं मन घेईना. तेव्हा सोर्सपासून, म्हणजे मूळ कोड कंपाइल करून, बांधायला घेतलं.

मला लुआलाटेक (लुआटेक या इंजिनावर चालणारं लाटेक) हवं होतं, कारण २०२० पासून टेक लाइव्हमध्ये ते हार्फबझ या जोडाक्षरं नीट जुळवणाऱ्या लायब्ररीसकट येतं. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक जिथे दिसत नाही ती मराठी छपाई मला चालत नाही. शिकवणारा आणि स्वयंपाक करणारा एकच होऊन बसतो!

चार कोर आहेत म्हणून मेकला, म्हणजे फाइली कंपाइल करवून घेणाऱ्या प्रोग्रॅमला, एकदम चार कामं दिली. हार्फबझच्या एचबी-ओटी-लेआउट या फाइलपाशी सगळं थांबलं: ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’. आधी वाटलं, कोडमध्येच चूक आहे. डीमेसेज या आज्ञेने कर्नलच्या नोंदी पाहिल्यावर कळलं की मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच कंपायलरला मारलं होतं. सी++ च्या टेम्प्लेटांनी गच्च भरलेली फाइल, तिच्या जोडीला आणखी तीन, आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) जेमतेम १०० एमबी.

स्वॅप २०४८ एमबी केला, तोही एसडी कार्डावर न ठेवता यूएसबीच्या एसएसडीवर. सतत लिहून कार्ड खराब झालं असतं, आणि देवघेवीच्या नोंदी त्याच कार्डावर आहेत. मग एका वेळी एकच काम. झीटेक हे दुसरं इंजिन वगळलं. आयसीयू ही युनिकोडची अवजड लायब्ररी टळावी म्हणून संदर्भसूचीचं बिबटेकयू आणि शब्दसूचीचं अपमेंडेक्सही वगळलं, कारण तीही झीटेकसारखी तिच्यावरच उभी आहेत.

खरा फरक पडला तो कंपायलरच्या पर्यायांनी. आपण काही सांगितलं नाही तर बांधणीची तयारी करणारी कॉन्फिगर ही स्क्रिप्ट ‘-जी -ओ२’ लावते; ‘-जी’ म्हणजे डीबगची माहिती, ‘-ओ२’ म्हणजे कोड वेगवान करण्याची पातळी. डीबगची माहिती मला नको होती, म्हणून ‘-जी’ काढलं. जीसीसी हा कंपायलर आपली मेमरी अधूनमधून झाडून घेतो. ती कधी झाडायची हे जीजीसी-मिन-एक्स्पँड आणि जीजीसी-मिन-हीपसाइझ ठरवतात. पहिला १० आणि दुसरा ३२७६८ ठेवला. वेळ वाढतो, पण तयार होणाऱ्या कोडमध्ये काही बदल होत नाही. त्यामुळे हे दोन मी निर्धास्त वापरले. एवढं करूनही हार्फबझची ती एक फाइल अडली, तेव्हा तेवढीच ‘-ओ१’ या खालच्या पातळीवर हाताने कंपाइल केली आणि बाकीच्यांचं ‘-ओ२’ तसंच राहू दिलं.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. टेक लाइव्ह बांधणारी ‘बिल्ड’ ही स्क्रिप्ट पुन्हा चालवली की कंपाइल झालेल्या फाइलींचं आधीचं वर्क फोल्डर पुसते. माझी अख्खी दुपार त्यात गेली. ‘नो-क्लीन’ द्या, किंवा सरळ वर्कमध्ये जाऊन मेक चालवा.

हार्फबझ पार पडल्यावर पुढे टेक०, टेकइनी अशा फाइली सरकताना दिसल्या. लाटेक ज्यावर उभं आहे ते डोनाल्ड नूथ यांचं टेक, त्यांच्याच वेब या प्रणालीत लिहिलेलं आहे. त्यातून निघणारी सी फाइल अखंड गिळणं जुन्या कंपायलरांना जड जाई, म्हणून वेबचं सी करणारं वेब२सी तिचे तुकडे पाडतं. माझ्याआधी कुणीतरी याच अडचणीत अडकलं होतं, हे पाहून फार बरं वाटलं.

रात्री उशिरा लुआएचबीटेक, म्हणजे हार्फबझ जोडलेलं लुआटेक, तयार झालं. पहिल्याच पानावर ‘आचाऱ्यांना’ छापलं. ‘य’च्या अलीकडे ती छोटी आडवी पापणी अगदी जागच्या जागी होती.