आमची वाटचाल : परदेशचं काम आणि बुडालेली बिलं

वेब डिझाइनचं काम भारतात पाठवावं की नाही, हे ठरवताना परदेशातले लोक दर्जा, मुदत, गुप्तता सगळं तोलून पाहतात. पाहावंच. पण इकडे पुण्यात बसून ते काम करणाऱ्याचं काय पणाला लागतं, ते कोणी विचारत नाही.

आम्ही लंडनच्या एजन्सींचं काम व्हाइट लेबल करायचो, म्हणजे काम आमचं, नाव त्यांचं. आलेली पीएसडी, म्हणजे डिझाइनची फोटोशॉप फाइल, कापायची, एचटीएमएल-सीएसएस, म्हणजे पानाचा कोड, लिहायचं, एफटीपीने सर्व्हरवर चढवायचं. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ या त्या काळच्या ब्राउझरसाठी एक जुना पीसी मुद्दाम राखून ठेवला होता. डावी-उजवीकडे सरकवलेल्या (फ्लोट केलेल्या) चौकटीला, म्हणजे डिव्हला, त्याच बाजूचं मार्जिन दिलं की तो ब्राउझर ते दुप्पट करायचा. सीएसएसमध्ये 'डिस्प्ले इनलाइन' लिहिलं की सरळ यायचा. त्या पीसीवर पान जुळल्याशिवाय आमच्याकडून काही बाहेर गेलं नाही. याचा मला आजही अभिमान आहे.

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली. त्यानंतर काही आठवड्यांतच, जिच्या भरवशावर आम्ही माणसं वाढवली त्या एजन्सीची उत्तरं बंद झाली. साइट लाइव्ह, पासवर्ड बदललेले, बिलं थकलेली. त्यात पौंड गडगडला. लंडनला वकील लावायचा तर वसुलीपेक्षा फी जास्त. बायकोने तिची एफडी मोडली तेव्हा पगार झाले. पुढे तोच मालक नव्या कंपनीच्या नावाने उभा राहिला आणि त्याच्या पोर्टफोलिओत पहिल्याच पानावर आमच्या साइट! ते अजून खुपतं.

आम्हाला तारलं लीड्सच्या एका पडद्यांच्या दुकानदारीणबाईंनी. एजन्सी फोन उचलेना, तेव्हा त्यांच्या पुतण्याला सीएसएस फाइलच्या माथ्यावरच्या कॉमेंटमध्ये आमचं नाव सापडलं. बाईंचा थेट फोन आला. त्यांचं डोमेन, म्हणजे साइटच्या पत्त्याचं नाव, तेही एजन्सीच्या नावावर होतं. नॉमिनेटकडे, म्हणजे यूके डोमेनच्या नोंदणी संस्थेकडे, खटपट करून त्यांनी ते सोडवलं. मग न मागता निम्मे पैसे आगाऊ पाठवले आणि गावातल्या इतर दुकानदारांना आमचं नाव सांगितलं. त्यानंतरची वर्षं नीट गेली.

नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांना सांगतो, मधल्या दलालापेक्षा असा एक थेट गिऱ्हाईक जपा. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्यायला लावा. साइट आपल्या स्टेजिंग सर्व्हरवर, म्हणजे चाचणीच्या जागी, दाखवा, शेवटचा हप्ता खात्यात आला की मगच लाइव्ह करा. कॉपीराइटचं तर दोन्ही बाजूंनी वाचून ठेवावं. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखीच द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. लीड्सच्या दुकानाला भारतापुरता हक्क काय कामाचा? म्हणून आमच्या करारात 'जगभर, कायमचे, पूर्ण पैसे मिळाल्यावर' असं स्पष्ट असतं. अलीकडेच एका परदेशी गिऱ्हाइकाच्या वकिलाने त्यातले शेवटचे तीन शब्द काढायला सांगितले. मी नकार कळवला आणि ते काम सोडलं.