लिहून घेणार जबाबदार राहतील

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मी बहुतेक वेळा मयताच्या घरच्यांतर्फे उभी राहते. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम, उत्पन्नाचा पुरावा आणि विमा कंपनीचं ठरलेलं 'सर्व मजकूर नाकबूल', असा तो साचा. या दाव्यात मात्र विमा कंपनीच नव्हती, कारण पॉलिसी संपली होती. मोटारसायकल चालवणारा नोटीस घेऊनही फिरकला नाही. त्याच्या नावावर तसंही काही नव्हतं. उरले आरसीवरचे मालक, एक निवृत्त प्राथमिक शिक्षक.

गुरुजींनी ती गाडी त्याच पोराला अपघाताच्या बऱ्याच आधी विकली होती. शंभराचा स्टॅम्प, नोटरी, दोन साक्षीदार. "आज रोजीपासून होणारे अपघात, गुन्हा, चलन यांस लिहून घेणार जबाबदार राहतील." लिहून घेणार म्हणजे गाडी विकत घेणारा. वाक्य देखणं आहे, पण जखमी माणसापुढे किंवा त्याच्या वारसांपुढे ते चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम २(३०) सांगतं की ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक; कर्जावरच्या किंवा भाड्याने ताब्यात दिलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार'मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरलं, आणि तिथे तर गाडी हातोहात पुढे गेली होती. गुरुजींनी गाडी घेणाऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कागद एजंटाकडे दिले होते. 'होऊन जाईल गुरुजी' म्हणाला, झालं नाही. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे एजंटाला पक्कं ठाऊक असतं. सांगत मात्र नाही.

पॉलिसी चालू असती तर कलम १५७ प्रमाणे ती गाडीबरोबर घेणाऱ्याकडे गेली असती आणि कंपनीने पैसे भरले असते. विमा नसला तर पहिल्यांदा दंड २,००० रुपये, म्हणून लोकांना तो दोन हजारांचाच प्रश्न वाटतो.

आता आमचा हिशेब. मयत गवंडी, वय ३८, उत्पन्न धरलं महिना १५,०००. वर्षाचे १,८०,०००. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के: २,५२,०००. मागे बायको, दोन मुलं, आई. चार आश्रित म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. राहिले १,८९,०००. किती वर्षांची कमाई धरायची तो गुणक, या वयाला १५. म्हणजे २८,३५,०००, वर इतर सदरं आणि व्याज.

गुरुजींच्या वकिलांची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, कुठल्या तरी जुन्या दाव्यातून उचललेली होती. त्यात एका ट्रकचा उल्लेख तसाच राहिला होता. उलटतपासात मी विचारलं, "विक्रीनंतर या गाडीची ई-चलनं तुमच्याच मोबाइलवर येत होती?"

"हो."

"भरली कुणी?"

"मीच. तो भरेना. आणि नाव माझं. सरकारचे पैसे बुडवायचे कसे?"

ट्रिपल सीट, विनाहेल्मेट. कुणी मागितल्या नसताना त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची फाइल काढली आणि तारखेवार लावलेल्या पावत्या न्यायाधीश साहेबांपुढे धरल्या.

"म्हणजे गाडी तुमच्याच नावावर आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं ना, मॅडम."

खरं तर कायद्याने मला या उत्तराची गरज नव्हती, नोंदणीचा उतारा पुरेसा होता. पण साहेब गुरुजींकडे ज्या नजरेने पाहत होते, ती मला परवडणारी नव्हती. मागच्या बाकावर माझी पक्षकार बसली होती. तिच्या नवऱ्याची चूक एवढीच की तो रस्त्याच्या कडेने सायकलवर घरी निघाला होता. कुणाचा तरी खिसा रिकामा होणारच होता. विमा कंपनीचा झाला असता तर मी हे लिहिलं नसतं. ओळखीतले लोक मात्र मला एकच विचारतात, चलन माफ करून मिळतं का.

निकाल लागला, गाडी चालवणारा आणि नोंदणीकृत मालक यांनी संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे रक्कम द्यावी, म्हणजे पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते. गुरुजींच्या पेन्शनला हात लावता येत नाही. अपिलासाठी आधी २५,००० भरावे लागतात. ते भरल्याचं अजून तरी कानावर नाही. पुढच्या तारखेला मला कलम १७४ खाली अर्ज द्यायचा आहे, म्हणजे रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होईल. अर्जात शेताचा गट नंबर लागतो. तोही गुरुजींनी उलटतपासात, मी नुसतं 'शेती आहे का' विचारल्यावर, स्वतःहून सांगितलेला आहे.